सगळं सांगूनही निर्णय का बदलले नाहीत? 'सपोर्ट' अभ्यास वाचताना

संशोधन कसं वाचायचं हे शिकताना आपल्या हातात बहुतेक वेळा जमून आलेले पेपर येतात. प्रश्न नेमका, पद्धत नीट, निकाल अपेक्षेप्रमाणे. वाचून बरं वाटतं, पण आपला स्वतःचा आराखडा लिहायला बसल्यावर त्यातलं फारसं कामी येत नाही. म्हणून आज एक न जमलेला प्रयोग घेऊ. १९९५ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. लांबलचक इंग्रजी नावाचं संक्षिप्त रूप 'सपोर्ट'. विल्यम नॉस आणि जोआन लिन हे त्याचे प्रमुख संशोधक. पाच मोठी रुग्णालयं, ९,१०५ रुग्ण, चार वर्षांची आकडेवारी, रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनचा भक्कम निधी. आणि निकाल? ठरवलेल्या पाच गोष्टींपैकी एकही सुधारली नाही.

या विषयावर काम करणारे जवळपास सगळेच हा पेपर उद्धृत करतात, पण बहुतेक जण एका ओळीत: "सपोर्टमध्ये हस्तक्षेप अयशस्वी ठरला." माझं म्हणणं आधीच सांगते. या अभ्यासाची अंमलबजावणी कमी पडली हे खरंच आहे, पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. निर्णय म्हणजे काय, याचं एक चित्र संशोधकांनी मनात धरलं होतं आणि ते कुठेच तपासलं नव्हतं. आज आपल्याकडे आयसीयूमधल्या शेवटच्या निर्णयांबद्दल जे नियम आणि फॉर्म तयार होतायत, त्यांतही मला तेच चित्र दिसतं. म्हणून हा जुना पेपर आत्ता वाचायचा.

आधी थोडी पार्श्वभूमी

हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवायचं, ही आजची सीपीआरची पद्धत १९६० साली जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी मांडली. त्यांच्या पहिल्या पेपरात २० रुग्ण होते आणि त्यातले १४ वाचले. पण त्यातले बरेचसे रुग्ण भूल किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी अचानक हृदय थांबलेले होते. म्हणजे मूळ शरीर सावरू शकेल असे. पुढे ही पद्धत सगळीकडे पोचली आणि रुग्णालयात ज्याचं हृदय थांबेल त्या प्रत्येकाला सीपीआर द्यायचा, असा रिवाज पडला. कॅन्सर शरीरभर पसरलेला असो की यकृत पूर्ण निकामी झालेलं असो. बाकी कुठलाही उपचार करायचा तर डॉक्टरला लिहून द्यावं लागतं. सीपीआरचं उलट आहे, तो करायचा नसेल तर लिहून द्यावं लागतं. या लिहिण्यालाच डीएनआर म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांनी त्याचे नियम करायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण मुलाखतींमध्ये नातेवाईकच काय, डॉक्टरही यात गल्लत करतात. डीएनआर म्हणजे 'उपचार बंद' नव्हे. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनाशमन, गरज पडली तर आयसीयूसुद्धा चालू राहू शकतं. हृदय थांबल्यावर छाती दाबायची नाही, इतकाच त्याचा अर्थ. व्हेंटिलेटर सुरूच न करणं आणि सुरू केलेला काढणं, हे आणखी दोन वेगळे निर्णय आहेत. तुमच्या प्रश्नावलीत हे तिन्ही एका रकान्यात आले, तर पुढचं सगळं विश्लेषण वाया गेलं समजा.

त्यांनी केलं काय

अभ्यास दोन टप्प्यांत झाला. १९८९ ते १९९१ या पहिल्या टप्प्यात ४,३०१ रुग्णांचं फक्त निरीक्षण केलं. तीव्र श्वसनविफलता, अनेक अवयव निकामी होणं, कोमा, हृदयविफलता, सिरॉसिस, पसरलेला कॅन्सर अशा नऊ गंभीर अवस्थांपैकी किमान एक असलेले हे रुग्ण. दोन्ही टप्प्यांतले मिळून ४७ टक्के रुग्ण सहा महिन्यांत गेले, यावरून किती गंभीर मंडळी होती ते कळेल.

पहिल्या टप्प्यातलं चित्र अस्वस्थ करणारं होतं. ज्या रुग्णांना सीपीआर नको होता, त्यांच्यापैकी फक्त ४७ टक्क्यांच्या डॉक्टरांना ही इच्छा माहीत होती. डीएनआरच्या ४६ टक्के नोंदी मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत झालेल्या. मरण पावलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांनी किमान दहा दिवस आयसीयूत काढलेले. आणि रुग्णालयात गेलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं, की शेवटच्या दिवसांत किमान अर्धा वेळ त्यांना मध्यम ते तीव्र वेदना होत होत्या.

यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: डॉक्टरांना रुग्णाच्या शक्यता नीट माहीत नाहीत, रुग्णाची इच्छा माहीत नाही, आणि दोघांमध्ये बोलणं होत नाही. मग ही पोकळी भरू. १९९२ ते १९९४ या दुसऱ्या टप्प्यात ४,८०४ रुग्ण घेतले. डॉक्टरांचे स्पेशालिटीनुसार गट करून त्या गटांचं रँडमायझेशन केलं. २,६५२ रुग्ण हस्तक्षेपाच्या बाजूला, २,१५२ नेहमीच्या उपचारांच्या बाजूला. हस्तक्षेपाच्या बाजूच्या डॉक्टरांना दोन गोष्टी मिळाल्या. एक, संगणकावर तयार झालेला अंदाज: हा रुग्ण सहा महिन्यांपर्यंत जगण्याची शक्यता किती, सीपीआर दिला तर काय होईल, दोन महिन्यांनी अपंगत्व किती असेल. दुसरी, खास प्रशिक्षण घेतलेली नर्स. ती रुग्णाशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी वारंवार बोलायची, इच्छा समजून घ्यायची आणि वेदनांकडे लक्ष वेधायची.

आता निकाल. पाच मोजमापं होती आणि प्रत्येकाचं गुणोत्तर दिलंय. १ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. डीएनआरची नोंद कधी झाली: १.०२. मृत्यूपूर्वी आयसीयूत, व्हेंटिलेटरवर किंवा कोमात गेलेले दिवस: ०.९७. रुग्णालयाच्या साधनांचा वापर: १.०५. सीपीआर नको असण्याबद्दल रुग्ण आणि डॉक्टर यांचं एकमत: १.२२, पण त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९९ ते १.४९. वेदना: १.१५, इंटरव्हल १.०० ते १.३३.

शेवटचे दोन आकडे सावकाश वाचा. १.२२ बघून "थोडा तरी फायदा दिसतोय की" असं म्हणायचा मोह होतो. इंटरव्हलमध्ये १ आहे, त्यामुळे तसं ठामपणे म्हणता येत नाही. आणि तो मोह झाला तर मग वेदनांच्या १.१५लाही तोच न्याय लावा: तिथे आकडा उलट बाजूला, म्हणजे हस्तक्षेपाच्या गटात वेदना जास्त असण्याकडे झुकलेला आहे. सोयीचा कल दाखवायचा आणि गैरसोयीचा झाकायचा, हे चालत नाही.

श्रेय जिथे द्यायचं तिथे

टीका करण्याआधी हे सांगितलंच पाहिजे. इतका खर्च आणि इतकी वर्षं घातल्यावर 'काहीच बदललं नाही' हे स्वच्छ शब्दांत छापायला धैर्य लागतं. त्यांनी उपगट पाडून, एखाद्या कोपऱ्यात मिळालेला फायदा मथळ्यात आणला नाही. रँडमायझेशन रुग्णांचं न करता डॉक्टरांच्या गटांचं केलं हेही बरोबर. एकाच डॉक्टरकडे एका रुग्णाचा अहवाल आला आणि दुसऱ्याचा आला नाही, तरी त्याची सवय दोन्हीकडे सारखीच बदलली असती आणि फरक पुसला गेला असता. मुख्य म्हणजे आधी निरीक्षण, मग हस्तक्षेप, हा क्रम. आपल्याकडे कित्येक आराखडे थेट 'जनजागृती कार्यक्रमाची परिणामकारकता' यावर उडी मारतात. मुळात काय चाललंय ते कुणी पाहिलेलंच नसतं.

नेहमीचं स्पष्टीकरण आणि ते का पुरत नाही

हा प्रयोग का फसला, याचं सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे 'डोस कमी पडला'. त्याला पेपरातच आधार आहे. अहवाल रुग्णांच्या फाइलला लागले, पण अंदाजाचा अहवाल मिळाल्याचं फक्त ५९ टक्के डॉक्टरांनी सांगितलं. रुग्णाच्या इच्छेचा अहवाल मिळाल्याचं ३४ टक्के म्हणाले. आणि या माहितीबद्दल रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोललो असं सांगणारे जेमतेम १५ टक्के. मग लोक म्हणतात, डॉक्टरांनी वाचलंच नाही तर परिणाम होणार कुठून?

मला हे उत्तर अपुरं वाटतं. डॉक्टरांनी वाचलं का नाही, हा प्रश्न ते विचारतच नाही. ज्याला एखादी माहिती निर्णयासाठी हवी असते, तो ती शोधतो. इथे ती हातात ठेवलेली असताना बाजूला राहिली. याचा एक अर्थ असा निघू शकतो, की त्या क्षणी डॉक्टरांपुढचा प्रश्न माहितीचा नव्हताच.

दुसऱ्या बाजूचाही विचार करा. सपोर्टच्याच आकडेवारीवर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक पेपर लिहिला. सीपीआरबद्दल डॉक्टरांशी बोललेले रुग्ण पाव हिश्शापेक्षाही कमी होते. पण जे बोलले नव्हते, त्यांच्यातल्या ५८ टक्क्यांना बोलायचंच नव्हतं. 'संवादाचा अभाव' हे निदान या एका आकड्यापुढे डळमळतं. काही ठिकाणी तो अभाव दोघांनी मिळून राखलेला होता.

माझे तीन आक्षेप

पहिला आक्षेप गृहीतकावर. सपोर्टच्या मागचं चित्र असं: रुग्णाच्या मनात एक तयार इच्छा आहे, डॉक्टरकडे एक तयार आकडा आहे, दोन्ही एका टेबलावर आणले की निर्णय आपोआप होईल. पण ७२ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या वडिलांच्या बाहेर बसलेल्या मुलाच्या मनात अशी तयार इच्छा नसते. ती घडत असते. धाकटी बहीण परगावहून यायची असते, मोठे काका 'अजून दोन दिवस बघू' म्हणतात, सकाळच्या राउंडला एक डॉक्टर मान हलवतो आणि संध्याकाळचा म्हणतो की आज लघवी बरी झालीय. निर्णय या सगळ्यातून सावकाश तयार होतो. कित्येकदा तो अमुक एका क्षणी 'घेतला' असं दाखवताच येत नाही. अशा प्रक्रियेत ३० टक्के की २० टक्के, या आकड्याचं काम फार थोडं असतं.

मग माहिती नकोच का? तसं अजिबात नाही. लोकांच्या मनातला सीपीआर हा पडद्यावरचा असतो. १९९६ साली डीम, लँटोस आणि टल्स्की यांनी अमेरिकन टीव्ही मालिकांमधले सीपीआरचे प्रसंग मोजले. ७५ टक्के पात्रं त्या क्षणी वाचत होती. प्रत्यक्षात, अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या १९९२ ते २००५ या काळातल्या नोंदी पाहिल्या, तर रुग्णालयात सीपीआर दिलेल्यांपैकी घरी जाण्याइतके वाचलेले १८.३ टक्के होते. हे अंतर सांगायलाच हवं. माझा मुद्दा एवढाच, की माहिती ही गरजेची अट आहे, पुरेशी नाही. सपोर्टने ती पुरेशी धरली.

दुसरा आक्षेप मोजमापावर. 'डीएनआरच्या ४६ टक्के नोंदी मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत' हे वाक्य ऐकलं की वाटतं, किती उशीर! पण हे मोजलं कुठून? मृत्यूच्या दिवसापासून मागे. मृत्यूचा दिवस आपल्याला नंतर कळला, डॉक्टरला त्या आठवड्यात तो माहीत नव्हता. बाख, श्राग आणि बेग यांनी २००४ साली जामामध्येच दाखवून दिलं, की मृतांच्या नोंदी मागे मोजत जाऊन उपचारांबद्दल निष्कर्ष काढले तर ते दिशाभूल करू शकतात. कारण तितकेच आजारी असूनही जगलेले लोक या हिशोबात येतच नाहीत.

आणि या आक्षेपाला सर्वांत जोरदार पुरावा सपोर्टच्याच आकडेवारीत आहे. लिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पाहिलं, की मरण पावलेल्या रुग्णांबद्दल त्यांचं मॉडेल आधीच्या दिवसांत काय सांगत होतं. मृत्यूच्या एक आठवडा आधी मधल्या रुग्णाची दोन महिने जगण्याची शक्यता ५१ टक्के होती. आदल्या दिवशी १७ टक्के! म्हणजे जगातलं त्या वेळचं एक उत्तम मॉडेलसुद्धा आठवडाभर आधी 'नाणं उडवा' म्हणत होतं. मग दोन दिवस आधी लिहिलेला डीएनआर उशिरा आला की वेळेवर? निदान काही रुग्णांबाबत तो अगदी योग्य वेळी आला असणार. 'लवकर म्हणजे चांगलं' ही मोजपट्टी संशोधकांनी ठरवली होती, रुग्णांनी नाही.

तिसरा आक्षेप आकड्याच्या जन्मावर. जगण्याची शक्यता सांगणारी मॉडेल्स जुन्या रुग्णांवरून बनतात. त्या जुन्या रुग्णांपैकी काहींचे उपचार, ते वाचणार नाहीत असं वाटल्याने थांबवले गेलेले असतात. ते गेले, मॉडेलने शिकून घेतलं की असे रुग्ण जातात, आणि पुढच्या रुग्णाबद्दल तेच भाकीत केलं. भाकितानेच स्वतःला खरं करायचं. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या रुग्णांबाबत बेकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नेमका हा धोका मांडला. इथे 'मृत्यू' हा परिणाम निसर्गाने दिलेला, निर्णयापासून अलिप्त असा राहत नाही. निर्णय त्याच्या आत मुरलेला असतो.

हे स्वतः तपासून बघायचं असेल तर एक सोय आहे. सपोर्टमधल्या ५,७३५ रुग्णांचा एक संच संख्याशास्त्राच्या वर्गांमध्ये आजही वापरतात. कॉनर्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हृदयात घालायच्या कॅथेटरच्या परिणामांवर जो पेपर लिहिला, त्याचा हा डेटा. तो मोफत उपलब्ध आहे. त्यात पहिल्या दिवशी डीएनआर होता का, असा एक रकाना आहे. तो विश्लेषणात घेऊन आणि वगळून मृत्यूचं प्रमाण बघा. आणि मग स्वतःला विचारा: हा रकाना आजाराची तीव्रता सांगतोय, की उपचार कमी झाल्याचं? नुसत्या आकड्यांवरून याचं उत्तर मिळत नाही, ते समजणं हाच त्यातला धडा.

नंतरच्यांनी काय बदललं

सपोर्टनंतर काही संशोधकांनी प्रश्नच बदलला. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंमध्ये लोत्रेत आणि सहकाऱ्यांनी २००७ साली १२६ मरणासन्न रुग्णांच्या कुटुंबांवर अभ्यास केला. निम्म्यांशी आखून बैठक घेतली. तिचा मुख्य नियम असा, की डॉक्टरने ऐकायचं, भावना मान्य करायच्या, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं. सोबत शोकाविषयी एक पुस्तिका द्यायची. नेहमीच्या बैठकीत कुटुंब पाच मिनिटं बोलत होतं, इथे चौदा. ९० दिवसांनी तीव्र मानसिक आघाताची लक्षणं ६९ टक्क्यांऐवजी ४५ टक्के नातेवाइकांमध्ये दिसली. डीएनआर लवकर लिहिला का, हा या अभ्यासाचा मुख्य प्रश्नच नव्हता. मागे उरलेल्या माणसाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं.

म्हणजे उत्तर सापडलं का? घाई करू नका. व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पाच आयसीयूंतल्या १,४२० रुग्णांच्या अभ्यासात कुटुंबांना नर्सचा आधार देऊन काय होतं ते पाहिलं. संवाद सुधारल्याचं नातेवाइकांनी सांगितलं, पण सहा महिन्यांनंतरच्या त्यांच्या चिंता-नैराश्यात लक्षणीय फरक पडला नाही. 'बोललं की बरं वाटतं' हेसुद्धा एक गृहीतकच आहे. तेही प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं.

आपल्याकडे ही मोजपट्टी का चालणार नाही

आता समजा तुम्ही पुण्यात, नागपुरात किंवा संभाजीनगरला बसून हाच अभ्यास इथे करायचा ठरवलात. मोजमाप कुठलं घ्याल? 'मृत्यूपूर्वी डीएनआरची नोंद'? इथेच अडकाल.

कारण आपल्याकडे कितीतरी शेवटचे निर्णय डीएनआरच्या कागदावर उमटतच नाहीत. ते 'डामा'च्या फॉर्मवर उमटतात: 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत आहोत.' खाली नातेवाइकाची सही. रुग्ण अंबू बॅगवर रुग्णवाहिकेत, आणि घरी पोचल्यावर किंवा वाटेतच सगळं संपतं. रुग्णालयाच्या आकडेवारीत हा मृत्यू नसतोच, डिस्चार्ज असतो. कागदावर 'सल्ल्याविरुद्ध' लिहिलेलं असलं, तरी 'आता घरी न्या' हे कित्येकदा डॉक्टरांनीच हलक्या आवाजात सुचवलेलं असतं. त्या एका सहीमागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: पैसे संपले, आशा संपली, म्हातारीची घरी मरण्याची इच्छा होती, किंवा डॉक्टरला कायद्याची भीती वाटली. फॉर्ममध्ये चारही एकच.

सपोर्टचं 'रुग्ण आणि डॉक्टर यांचं एकमत' हे मोजमापही इथे लंगडतं. "त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर" हे वाक्य ज्या वॉर्डात रोज ऐकू येतं, तिथे रुग्णाच्या मताचा रकाना बऱ्याचदा रिकामाच राहणार. तो रिकामा आहे म्हणून रुग्णाला मत नव्हतं, असं मात्र लिहू नका.

कायद्याचं बघू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचारांबाबतच्या आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. पण त्याची प्रक्रिया इतकी किचकट होती, की इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने पुन्हा न्यायालयात धाव घेतली. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, उपचार थांबवण्यासाठी रुग्णालयातच दोन वैद्यकीय मंडळं, आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मधल्या काळात, २०२० मध्ये, आयसीएमआरनेही सीपीआर न करण्याच्या निर्णयाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुंबईत महापालिकेने ही इच्छापत्रं जपून ठेवायला अधिकारी नेमले. हे सगळं आवश्यकच होतं. भीतीपोटी 'डामा'वर ढकलणाऱ्या डॉक्टरला यातून खरा आधार मिळू शकतो.

पण या रचनेला सपोर्टचा प्रश्न विचारून बघा. इच्छा आधीपासून तयार असते, ती कागदावर उतरवता येते, कागद वेळेवर सापडला की निर्णय होतो: चित्र तेच. अमेरिकेत इच्छापत्रांचे कायदे होते, रुग्णांना हक्क कळवण्याचा केंद्रीय कायदा १९९१ च्या अखेरीला लागू झाला, आणि नंतर सपोर्टचा दुसरा टप्पा झाला. तरीही काही हललं नाही. आपण फॉर्म सोपा केला म्हणून ज्या कुटुंबाची आर्थिक गणितं आणि काका-मामांची मतं आयसीयूच्या दारात एकमेकांवर आदळतायत, त्यांचा निर्णय सोपा होईल असं धरून चालणं धोक्याचं आहे. आणि पाच वर्षांनी कुणी 'किती इच्छापत्रं नोंदली गेली' हा आकडा यशाचं मोजमाप म्हणून मांडला, तर तो पेपर वाचताना १९९५ची आठवण ठेवा.

इथे तुमच्यासाठी खरोखर काम आहे. 'डामा' म्हणून नोंदलेल्या डिस्चार्जमध्ये आयुष्याच्या अखेरचे निर्णय किती आणि कुठल्या कारणांचे, हे वेगळं काढणारी व्याख्या कशी करायची? घरी नेल्यानंतर पहिल्या काही तासांत वेदना आणि धाप यांची काळजी कोण घेतं? घरी घेऊन जाणाऱ्या मुलाला सहा महिन्यांनी आपण केलं ते कसं वाटतं? त्या वेळी 'सही केली' हा शब्द तो कोणत्या अर्थाने वापरतो? यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी, दोन-तीन रुग्णालयांचं सहकार्य आणि ऐकून घ्यायची तयारी लागते. दुःखात असलेल्या माणसाला पुन्हा भेटायला जायचंय, त्यामुळे मुलाखत कधी घ्यायची आणि कधी थांबायची, हे आराखड्यातच लिहावं लागेल.

पेट पास होऊन आरआरसीसमोर सिनॉप्सिस घेऊन जाल, तेव्हा 'गृहीतकं' या मथळ्याखाली आपण सहसा संख्याशास्त्रीय गृहीतकं लिहितो. त्याच्यावर आणखी एक परिच्छेद लिहा: माझ्या अभ्यासातली माणसं निर्णय कसा घेतात असं मी धरून चाललोय, आणि ते चूक निघालं तर माझ्या मोजमापांपैकी कुठलं तरी मला ते दाखवेल का? सपोर्टमध्ये हा परिच्छेद असता तरी प्रयोग कदाचित फसलाच असता. पण नेमकं काय फसलं हे कळायला नंतरच्या लोकांना इतकी वर्षं लागली नसती.

मूळ पेपर जमल्यास पूर्ण वाचा. पहिल्यांदा गोषवारा न बघता पद्धतीचा भाग वाचा, निकाल काय येईल ते कागदावर लिहून ठेवा आणि मगच तक्ते उघडा. काय अंदाज केला होता आणि का, ते खाली कळवा. पुढच्या लेखात त्यावर बोलू.